नुसती टोकं

"कुणी कापले गं हे?"

पार्लरवाल्या काकूंचा हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. गेल्या खेपेला त्यांनीच कापलेले असले तरी त्या हेच विचारतात आणि मीही चोरी पकडल्यासारखी चाचरते. या वेळी मात्र माझ्याकडे उत्तर होतं. "जर्मनीत," मी म्हटलं. काकूंनी माझ्या कपाळावरची झालर दोन बोटांत धरून उचलली, खालून वर निरखून पाहिली आणि दुकानदार फाटकी नोट परत करतो तशी सोडून दिली.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत काकूंचं पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा, फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागे त्यांचं स्वयंपाकघर. खिडकीतून "काकू, आहात का?" असं विचारायचं, की झाली अपॉइंटमेंट.

नवऱ्याची सातपूरहून श्टुटगार्टजवळ बदली झाली, तेव्हा 'नाशिकला गेल्यावर' नावाची एक यादी मी फ्रिजवर लावली होती. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ती असते. दात, चष्मा, ब्लाउज शिवणं आणि केस. केसांनी यादी पाळली नाही. सहा महिन्यांत त्यांना असे फाटे फुटले की एखाद्या वक्त्यानं विषयाला फोडावेत. बाथरूमची जाळी तिसऱ्यांदा तुंबली तेव्हा घरमालकीणबाईंनी त्यात काय सापडलं ते मला चिमट्यात धरून दाखवलं. मग जावंच लागलं.

पहिली गेले ती सोमवारी. बंद. दुसरं दुकान, तेही बंद. तिथे बरीच सलून्स शनिवारी कामाची म्हणून सोमवारी सुट्टी घेतात. सोमवारी केसाला कात्री लावू नये, हे माझ्या आजीचं शास्त्र. अमावास्या, शनिवार आणि वाढदिवसाचा वार हेही त्यात होतं. आजी निफाडच्या पलीकडे कधी गेली नाही, पण तिचं निदान एक कलम जर्मन लोक तंतोतंत पाळतात हे पाहून मला भरून आलं.

मंगळवारी दार उघडं होतं, पण 'टर्मिन' नव्हता. टर्मिन म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. ती मिळाली नऊ दिवसांनी, सकाळी १०.४५ची. पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा. नाशकात या वेळेला "अकरापर्यंत येते" म्हणतात आणि साडेअकराला घरातून निघतात.

या नऊ दिवसांत मी भाषेची तयारी केली. जर्मनमध्ये केसांना 'हार' म्हणतात. शिकवणीच्या बाईंनी ते सांगितलं तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. मी एकच वाक्य पाठ केलं, 'नूर दी श्पिट्सन', म्हणजे नुसती टोकं. ट्राममध्ये, भाजी चिरताना, झोपेतसुद्धा तेच. आदल्या रात्री सवयीनं डोक्याला तेलही लावलं. थंडीत खोबरेल तेलाचा दगड होतो हे नाशिककराला कुणी सांगायला नको. डिसेंबरात आमच्या गॅलरीत बाटली उन्हाला ठेवलेलीच असते. तिथे ऊन नव्हतं, म्हणून हीटरवर ठेवली.

केस कापणारी मुलगी पंचविशीची असेल. भिंतीवर तिचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. तिकडे हे शिकायला तीन वर्षं लागतात, आणि स्वतःचं सलून काढायचं तर 'माइस्टर'ची परीक्षा वेगळी. तीन वर्षांत आपल्याकडे माणूस बी. ए. होतो आणि तरी त्याला काहीच कापता येत नाही.

तिनं माझं डोकं बेसिनमध्ये टेकवलं आणि विचारलं, पाणी ठीक आहे का? मान ठीक आहे का? जरा गरम करू का? मी सगळ्याला "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. माझ्या डोक्याशी इतक्या अदबीनं जन्मात कुणी बोललं नव्हतं. माझ्या लहानपणी आई मला दोन गुडघ्यांत दाबून वेणी घालायची आणि हललं की फणीचा उलटा भाग डोक्यात बसायचा. काकू तर अंगठ्यानं मान खाली दाबतात आणि "वर बघू नकोस" म्हणतात. मुलीनं दोनदा शाम्पू केला, हाताचा वास घेतला आणि "कोकोस?" असं काळजीनं विचारून तिसऱ्यांदा केला.

खुर्चीत बसल्यावर मी माझं वाक्य म्हटलं. तिनं फणी आडवी धरून दाखवली, तीन सेंटिमीटर? या. आणि तिनं तीन सेंटिमीटरच कापले हो! मोजून! काकूंना "दोन बोटं" सांगितलं तर त्या कुणाची बोटं धरतात, देव जाणे. मी खूश होऊन आरशात स्वतःकडे बघत होते, एवढ्यात तिनं विचारलं, "मिट पोनी?"

आता पोनी म्हणजे काय, हे मला कोण सांगणार? शाळेपासून बांधत आले आहे. केस इतके तरी राहावेत ना, की पोनी बांधता यावी! मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. "या, या! पोनी!" मी म्हटलं. तिला खात्री वाटेना, तिनं पुन्हा विचारलं. मी ठासून सांगितलं, "इम्मर पोनी!" म्हणजे, नेहमी पोनीच. मग तिनं माझ्या भुवईवर बोट ठेवलं, "बिस हीअर?" मला वाटलं, याच पैशांत आयब्रोही करून देते आहे. मी आनंदानं डोळे मिटून घेतले.

कर्रर्र असा आवाज कपाळाच्या फार जवळून आला.

जर्मनीत 'पोनी' म्हणजे कपाळावर कापून सोडलेले केस. आपल्या पोनीला ते 'फेर्डेश्वान्त्स' म्हणतात, घोड्याची शेपटी. शेपूट आणि झालर यांत मी गफलत केली होती आणि भुवईपर्यंतच्या लांबीला मान्यताही दिली होती.

मग तिनं मागे लहान आरसा धरला. पुढे झालेल्या अपघाताची चौकशी मागून का करतात, हे मला कळलेलं नाही. आणि त्या आरशात बघून "छान" म्हणायचं, हे कोणत्याही देशात शिकवावं लागत नाही. मी "सुपर" म्हटलं.

केस वाळवण्याचे पैसे वेगळे होते. ते वाचवायचे तर ड्रायर हातात मिळतो, आपलं आपण वाळवायचं. एवढं झाल्यावर वाचवण्यासारखं दुसरं काय उरलं होतं? मी तो घेतला. ओली झालर गरम हवेनं उभी राहिली ती बसेना. बिल ५२ युरो, वर 'ट्रिंकगेल्ट'. टिपेला तिकडे 'प्यायचे पैसे' म्हणतात. त्या दिवशी प्यायची गरज मला जास्त होती.

नवरा हसला नाही, कारण महिन्याभरापूर्वी तो स्वतः पोळला होता. तो बिनटर्मिनच्या, स्वस्त दुकानात गेला आणि नाशिकच्या सवयीनं "तीन" म्हणाला. आपल्या मशीनचा तीन नंबर म्हणजे जवळजवळ दहा मिलिमीटर. तिकडे तीन म्हणजे तीन मिलिमीटर. घरी आला तो थेट रामकुंडावरून आल्यासारखा. मी आधी दारातच विचारलं होतं, "कोण गेलं?"

रामकुंडावरचं खरंच बरं. काठावर वस्तरा घेऊन बसलेले लोक पाण्याबद्दल विचारत नाहीत की पोनीबद्दल. फॅशन एकच. तशीही लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, असं सांगतात. कापाकापीवरून नाव पडलेल्या गावच्या मुलीनं चार केसांसाठी एवढं रडू नये, पण त्या रात्री मी रडले. मग आईला व्हिडिओ कॉल केला. आई काही क्षण गप्प. मग तिचा चेहराच उजळला.

"अगं, साधना कट!" ती म्हणाली. "मला कॉलेजात किती करायचा होता! तुझ्या आजीनं करू दिला नाही. हल बघू जरा. बाबांना बोलावते."

बाबा आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "नेट गेलंय का? कपाळ दिसत नाहीये."

हे सगळं मी काकूंना सांगितलं, अगदी भुवईवरच्या बोटासकट. काकूंनी त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. मालिकेत सासू जिन्यावरून पडत होती. "तर काकू, पुढचे वाढवायचेत, त्यांना हात लावू नका. मागचे नुसती टोकं. दोन बोटं."

"हो हो," म्हणून त्यांनी चार बोटं कापले. मग पुढे येऊन, मला न विचारता, झालर मधून विंचरून दोन्हीकडे तिरकी कापली. इतके दिवस टोपीसारखं बसलेलं ते प्रकरण एकदम माझ्या चेहऱ्याचं दिसायला लागलं. मी तोंड उघडणार होते, काय म्हणायला ते आता आठवत नाही.

"आणि पोनी..." काकू म्हणाल्या.

मी दोन्ही हातांनी कपाळ झाकलं.

"पोनी बांधता येईल एवढे ठेवलेत, असं म्हणत होते. काय झालं तुला?" तेवढ्यात पडद्यामागे कुकरची तिसरी शिट्टी झाली. काकूंनी कात्री माझ्या मांडीवर ठेवली. "हलू नकोस. डावी बाजू राहिलीये. वरणाला फोडणी देऊन आलेच."

अर्ध्या तासानं मोहरी तडतडल्याचा आवाज आला. मी हलले नव्हते.