पाण्याचा अणू नव्हे, रेणू!

अणूंवरचा तुमचा लेख छान जमलाय, पण त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात 'पाण्याचा एक अणू' असं आलंय, ते तेवढं दुरुस्त कराच. पाणी हे संयुग, त्याचा असतो तो रेणू: हायड्रोजनचे २ अणू आणि ऑक्सिजनचा १. चूक कुठून आली असेल याचा अंदाज आहे. हिंदीत 'अणु' म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते 'परमाणु' म्हणतात. मी चेंबूरला घरी नववीची शिकवणी घेते. मुलं हिंदी व्हिडिओ बघून येतात आणि नेमका हाच घोळ घालतात. मागच्या आठवड्यात एकीने पाण्यापुढे 'अणू' लिहून वर दोनदा अधोरेखित केलं होतं! तिला म्हटलं, ट्रॉम्बेच्या केंद्राचं नाव आठव. मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र, हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. लगेच ट्यूब पेटली.

दुसरं, लेखातलं अणूचं ते सूर्यमालेसारखं चित्र. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे आखलेल्या वाटेने फिरत नाहीत, एवढं एक वाक्य तरी हवं होतं. शिवाय चित्रात केंद्रक, म्हणजे अणूच्या मधला गाभा, लिंबाएवढं दिसतं. हायड्रोजनचं केंद्रक २ मिलिमीटरच्या मोहरीएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता तिथून साधारण ६० मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या तीन पिचांइतकी लांब. मैदानावर मुलांना तेवढं चालवलं. एकाने विचारलं, "बाई, मग मधे काय, हवा?"

अरे, हवासुद्धा अणू-रेणूंचीच ना!