सर, रायफल विकत मिळतेच आहे, हे खरं आहे

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. अमेरिकेतला २०२२ चा बंदूक कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला, याचं मी कौतुक केलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "१९ लेकरं वर्गात मारली गेली आणि तुम्ही त्यावर झालेल्या सौद्याचं कौतुक करताय. टेक्सासात १८ वर्षांच्या पोराला आजही तसलीच रायफल विकत मिळते. ऑस्ट्रेलियाने बारा दिवसांत करून दाखवलं. तुमचं हे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आहे." आणि शेवटी विचारलंत, "बंदुका बाळगणाऱ्या लोकांशी तुम्ही बोलता तरी कशा?"

नाशिकला इतकी वर्षं तुम्ही चौथीचे वर्ग घेतलेत, हेही तुम्ही लिहिलंय. टेक्सासातल्या उवाल्डेच्या शाळेत २०२२ मध्ये मारली गेलेली ती मुलंही चौथीचीच होती. तुमचा राग मला परका नाही, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

आधी तुमचं बरोबर आहे ते. उवाल्डेच्या मारेकऱ्याने अठरावं लागल्या लागल्या दुकानात जाऊन, पैसे मोजून, रीतसर दोन रायफली घेतल्या होत्या. २०२२ च्या कायद्याने ती वयाची अट बदलली नाही. माझ्या लेखात ही गोष्ट एका वाक्यात निसटून गेली. तसं व्हायला नको होतं.

आता ऑस्ट्रेलिया. २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ माणसं मारली गेली आणि १० मे ला देशभराचा करार झाला. बारा दिवस, बरोबर. पण तो करार होता, सर. बंदुकांचे कायदे तिथे राज्यांच्या हातात, त्यामुळे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना सगळ्या राज्यांना एका टेबलाशी बसवावं लागलं. त्यांच्या सरकारातला भागीदार होता नॅशनल पक्ष, म्हणजे शेतकऱ्यांचा, म्हणजेच ज्यांच्या घरोघरी बंदूक होती त्यांचा. त्या पक्षाचे नेते उपपंतप्रधान टिम फिशर. आपल्याच मतदारांसमोर उभं राहून "अर्धस्वयंचलित रायफल परत करा" हे सांगायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. क्वीन्सलँडमधल्या गिम्पी गावात लोकांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. तरी ते बोलत राहिले. आणि समोरच्याला काही दिलंही गेलं: शेतीसाठी किंवा शिकारीसाठी साधी रायफल परवान्यावर ठेवता आली, बंदी आलेली बंदूक जमा केली की मोबदला मिळाला, आणि त्यासाठी सगळ्या देशाने एक वर्ष आरोग्य कर थोडा जास्त भरला. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका जमा झाल्या. दोन वर्षांनी क्वीन्सलँडमध्ये नॅशनल पक्षाने सत्ता गमावली, त्यात या रागाचाही वाटा होता. करार मात्र टिकला.

मला ऑस्ट्रेलियात दिसतं ते हे. ज्याच्या घरात बंदूक आहे त्याच्या बाजूचा माणूस त्या कायद्यात होता, आणि किंमतही त्यानेच मोजली.

अमेरिकेत याच्या उलट काय होतं तेही घडून गेलंय. १९९४ साली अशाच रायफलींवरची बंदी खालच्या सभागृहात २१६ विरुद्ध २१४ अशी निसटती पार पडली. तुम्हाला हवा तसा कायदा! पण मतं जमवताना त्याला दहा वर्षांची मुदत घालावी लागली. कारखान्यांनी रायफलीचा एखादा भाग बदलून तेच यंत्र पुन्हा बाजारात आणलं. त्या नोव्हेंबरात डेमोक्रॅट पक्षाने ते सभागृहच गमावलं आणि २००४ मध्ये मुदत संपली तेव्हा बंदी वाचवायला पुरेसे हात उरले नव्हते. तुम्ही म्हणाल, मुदत घातली हीच तर तडजोड. हो, आणि ती वाईट तडजोड होती. प्रत्येक तडजोड चांगली असते असं माझं म्हणणं नाही.

त्याच्या शेजारी ब्रॅडी कायदा ठेवून बघा. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. पिस्तूल घेणाऱ्याला पाच दिवस थांबवून त्याची माहिती तपासायची, एवढीच मागणी होती. ती १९९३ पर्यंत रखडली. बंदूकवाल्यांचे लाडके असलेल्या रेगन यांनी १९९१ मध्ये जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा वारं फिरायला लागलं. शेवटी असं ठरलं की पाच वर्षांनी तो थांबा जाईल आणि दुकानाच्या काउंटरवरच संगणकावर तपासणी होईल. थांबा गेला याचं मला आजही वाईट वाटतं. पण १९९८ च्या नोव्हेंबरापासून ती तपासणी चालू आहे. कितीतरी सरकारं आली, गेली, आणि लाखो खरेद्या तिथे अडल्या.

सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर, २०१३ साली, ही तपासणी प्रदर्शनांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही लावायचा प्रस्ताव आला. ५४ विरुद्ध ४६, म्हणजे बहुमत, तरी पडला. सिनेटमध्ये १०० पैकी ६० जण चर्चा थांबवायला राजी झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. हा नियम मला मान्य नाही, पण तो आहे. २०२२ मध्ये ६० चा आकडा गाठायचा तर किमान दहा रिपब्लिकन लागणार होते, आणि ते आपल्या संतापाने येणार नव्हते.

ते आणले कुणी? एका बाजूला कनेटिकटचे डेमोक्रॅट सिनेटर ख्रिस मर्फी. सँडी हूकची शाळा त्यांच्याच मतदारसंघातली. उवाल्डे घडलं त्याच दिवशी सिनेटमध्ये "आपण करतोय तरी काय?" असं विचारत ते सहकाऱ्यांपुढे अक्षरशः काकुळतीला आले होते. दुसऱ्या बाजूला माझ्याच राज्याचे, टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन, बंदूकवाल्यांच्या संघटनेला कायम जवळचे. वाटाघाटी चालू असताना ते ह्यूस्टनला स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात बोलायला उभे राहिले, तर सभागृहाने हुर्यो उडवली. त्यानंतर आठवड्याच्या आत सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी कायदा मंजूर झाला. १५ रिपब्लिकन सोबत आले. टेक्सासच्या दुसऱ्या सिनेटरने, टेड क्रूझ यांनी, विरोधात मत दिलं.

पदरात काय पडलं? २१ वर्षांखालच्या गिऱ्हाईकाची जास्त खोल तपासणी: अल्पवयातल्या नोंदी, गावच्या पोलिसांकडे विचारणा, त्यासाठी दहा कामकाजी दिवसांपर्यंत वेळ. पहिल्या दीड वर्षात या तपासणीने ५०० हून जास्त खरेद्या अडवल्या. दुसऱ्याच्या नावावर बंदूक घेणं हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा झाला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की मारहाणीत दोषी ठरलेल्या नवऱ्याला बंदूक मिळत नव्हती, पण तसाच दोषी ठरलेल्या, कधी एकत्र न राहिलेल्या प्रियकराला मिळत होती. ती फट बुजली. अर्धी बुजली, कारण पुन्हा गुन्हा केला नाही तर पाच वर्षांनी त्याला बंदूक घेता येते. या पाच वर्षांवरून बोलणी मोडायच्या बेतात होती. मार खाल्लेल्या बाईला पाच वर्षं म्हणजे काय, हे मला विचारू नका, सर. शून्यापेक्षा ती पाच वर्षं मी घेईन.

२०२५ मध्ये नव्या प्रशासनाने या कायद्यातून शाळांच्या मानसिक आरोग्यासाठी मिळणारं सुमारे एक अब्ज डॉलरचं अनुदान थांबवत असल्याचं जाहीर केलं. मला फार लागलं ते. निधीवर असा एका फटक्यात घाव घालता येतो. कायद्यात लिहिलेली तपासणी तशी काढता येत नाही. २१ वर्षांखालच्यांसाठी पोलिसांकडे करायची विचारणाही २०३२ पर्यंतच आहे, पण त्याआधी ती काढायला पुन्हा साठ हात लागतील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत लॉकडाउन ड्रिल असतं, म्हणजे बंदूकवाला शिरला तर काय करायचं याचा सराव. दिवे बंद, दाराला कडी, सगळ्यांनी खिडकीपासून लांब कोपऱ्यात बसायचं, हूं की चूं नाही. एकदा घरी येऊन म्हणाली, "आई, माझे बूट चालताना लुकलुकतात ना, ते ड्रिलच्या दिवशी नको." तेव्हापासून ते बूट कपाटात आहेत.

शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांची नात तिची मैत्रीण. त्यांच्याकडे खेळायला बोलावणं आलं तेव्हा मी दारात उभी राहून विचारलं, "तुमच्या घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे का?" माझ्या तोंडाला कोरड पडली होती. ते दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात, आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाला मत देत आलेत. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. गोदरेजच्या कपाटाएवढी लोखंडी तिजोरी, नंबरचं कुलूप, गोळ्या वेगळ्या पेटीत आणि त्या पेटीला दुसरं कुलूप. मग म्हणाले, "हे विचारायला इतके दिवस का लावले?"

बोलता बोलता २०२२ चा विषय निघाला. कॉर्निन यांची हुर्यो उडालेली बातम्यांत बघितल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिनेटरच्या कार्यालयात फोन लावला होता, "मागे हटू नका" एवढं सांगायला. मी फोन करून फार काही झालं नसतं, मला इथे मतच नाही. त्यांना आहे.

अशी बोलते मी त्यांच्याशी, सर. त्या दिवशी मुलगी त्यांच्याकडे संध्याकाळी सहापर्यंत खेळली.