खांब वापरा, तार नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

विजेच्या तारेतून इंटरनेट आणलं की रेडिओ संदेशांत अडथळा येतो, म्हणून मी मागच्या लेखात त्याला विरोध केला, त्यावर तुम्ही लिहिलंत: "गेवराईजवळच्या आमच्या वस्तीवर लाईटचा खांब आहे, पण मोबाईलला रेंज नाही. पोरं फॉर्म भरायला तालुक्याला जातात. आणि तुम्ही मूठभर हॅमवाल्यांच्या (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या) छंदापायी आलेलं इंटरनेट नको म्हणता. वीज कंपन्या तारेवरून बोलतातच की!" पोरांची अडचण खरी आहे आणि ती आधी सुटली पाहिजे. पण या तारेतून ती सुटायची नाही.

घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, तिची तरंगलांबी ६,००० किलोमीटर. दोन खांबांमधली तार तिच्यापुढे किस झाड की पत्ती! ब्रॉडबँडचा सिग्नल मात्र साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये सोडतात. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी भरते सुमारे ४३ मीटर, आणि आपल्याकडे दोन खांबांतलं अंतरही साधारण तेवढंच असतं. म्हणजे लाईनची हवेत लहरी फेकणारी अँटेनाच झाली. टेलिफोनच्या केबलमध्ये तारांची जोडी पीळ घालून जवळजवळ असते, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहाच्या लहरी एकमेकींना मारतात. खांबावर तारा लांब लांब, त्यात मध्येच सर्व्हिस वायर, कुठे आकडा, कुठे सैल झंपर (तारा जोडणारा तुकडा). तिथे तोल राहणार कसा?

वीज कंपन्या बोलतात, बरोबर आहे. मोठ्या सबस्टेशनात उच्चदाब तारेला पिंपाएवढं वेटोळं टांगलेलं दिसतं, ते त्याच कामाचं. पण तो सिग्नल काहीशे किलोहर्ट्झच्या आतला आणि अगदी अरुंद पट्ट्यातला असतो. त्यावर निरोप जातो, व्हिडिओ नाही.

आता हॅमच्या छंदाबद्दल. माझ्या शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर इंटरनेट न्यायला प्लगमध्ये लावायचे अडॅप्टर आणले; तेही घरातल्या विजेच्या तारेतूनच सिग्नल पाठवतात. संध्याकाळी रेडिओ लावला तर ९ मेगाहर्ट्झच्या पुढची शॉर्टवेव्ह स्टेशनं खरखरीत बुडालेली. काटा ७ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यावर आणला तर तिथे शांतता. कारण अडॅप्टर बनवणाऱ्यांनी हॅमचे पट्टे आधीच वगळलेले असतात. त्रास होतो तो बाकीच्यांना, आणि या बाकीच्यांत नुसते श्रोते नाहीत. अरबी समुद्रावरून जाणारी विमानं किनाऱ्यापासून लांब गेली की याच लहरींवर मुंबईशी बोलतात. आणि छंद म्हणाल, तर ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरल्यावर निरोप पोचवायला हीच हॅम मंडळी आली होती. अशा वेळी समोरचा आवाज क्षीण असतो. तो खरखरीच्या वर आला तरच ऐकू येतो.

हे प्रयोग जगात होऊन गेलेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागात नॉर्वेब कंपनीने चाचणी घेतली, तेव्हा रस्त्यावरचे दिव्याचे खांबच लहरी फेकू लागले. १९९९ मध्ये काम बंद पडलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मनासस गावाने गावभर ही सेवा दिली आणि २०१० मध्ये गुंडाळली. ग्राहक थोडे, खर्च जास्त.

आपल्याकडे खर्चाची गोष्ट तर आणखी बिकट. मेगाहर्ट्झचा सिग्नल डीपीतून (वस्तीजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून) नीट पार होत नाही. त्यामुळे प्रत्येक डीपीला वळसा देणारं यंत्र बसवा, थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल परत वाढवा, आणि ही सगळी यंत्रं लाईटवरच चालवा. ऐन हंगामात डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंत शेतकऱ्याचे काय हाल होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच डीपीवर पोरांचा फॉर्मही अडकवायचा?

खांब मात्र जरूर वापरा. काचेच्या तंतूची फायबर केबल त्याच खांबांवरून नेता येते. तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे रेडिओला तिचा काहीच त्रास नाही आणि विजेच्या तारेचा तिला नाही. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेत अशी खांबावरची फायबर धरलेली आहे. ग्रामपंचायतीपासून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा अडतो, आणि भांडायचं ते त्यासाठी.

तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटचा डबा बसलाय का, त्याचे दिवे चालू आहेत का, आणि तिथून वस्ती किती लांब आहे, एवढं बघून कळवाल का? अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.