रांग शाबूत, मेसेज गायब

हिंजवडीतल्या कुठल्याही मीटिंगमध्ये विचारून बघा, "एखादा मेसेज हरवला तर चालेल?" सगळे एका सुरात, "छे!" "दोनदा आला तर?" "मुळीच नाही." "मग थोडा उशिरा आला तर?" इथे मात्र आवाज चढतात. हे तिन्ही नकार शेवटी ज्यांच्या गळ्यात पडतात, त्या रॅबिटएमक्यू (एका प्रोग्रामचे मेसेज रांगेत ठेवून दुसऱ्यापर्यंत पोचवणारा 'ब्रोकर', म्हणजे मधला दलाल) सांभाळणाऱ्या जमातीचा मी.

"अरे, क्यू ड्युरेबल केली आहे ना?" हा प्रश्न विचारला की सुरक्षेचा विषय संपला, अशी आमच्याकडे अंधश्रद्धा आहे. ड्युरेबल, म्हणजे टिकाऊ, क्यूमध्ये रीस्टार्टनंतर टिकते ती फक्त क्यू, म्हणजे रांग. आतला मेसेज टिकायचा तर तो पाठवतानाच त्याचा डिलिव्हरी मोड २, म्हणजे 'पर्सिस्टंट' (डिस्कवर लिहून ठेवायचा), लागतो. तो विसरलात, तर सकाळी क्यू जागेवर, नाव तेच, आणि आत शून्य मेसेज. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. उलट चूकही होते: मेसेज पर्सिस्टंट, पण क्यूच ड्युरेबल नाही. मग रीस्टार्टला क्यू जाते आणि मेसेजही तिच्याबरोबर सती जातात. चूक कळली की कोणीतरी उत्साहाने कोडमध्ये ड्युरेबल 'ट्रू' करतं. ब्रोकर ४०६ ही एरर फेकतो, चॅनेल (त्याच्याशी बोलायची वाट) बंद करतो. आहे त्या क्यूचा स्वभाव बदलता येत नाही. ती रिकामी करून, डिलीट करून पुन्हा बनवावी लागते. हा धीर कोणाला? म्हणून प्रत्येक सर्व्हरवर 'ऑर्डर्स', 'ऑर्डर्स-नवीन' आणि 'ऑर्डर्स-नवीन-फायनल' अशी भावंडं नांदत असतात.

बरं, पाठवला म्हणजे पोचला असंही नाही. 'पब्लिश'चा कॉल परत आला याचा अर्थ बाइट्स सॉकेटमध्ये ढकलले, एवढाच. पोच हवी तर पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने पाठवणाऱ्याला द्यायची पावती) चालू करा. पर्सिस्टंट मेसेजची पोच डिस्कवर लिहून झाल्यावरच येते, म्हणून एकेका मेसेजसाठी ताटकळू नका. शंभरेक मेसेज हवेत ठेवून पोच मागाहून जुळवा. घेणाऱ्या बाजूला ऑटो-ॲक (मेसेज हाती देताच आपोआप 'मिळाला' धरणं) बंद करा आणि डेटाबेसचा कमिट, म्हणजे नोंद पक्की, झाल्यावरच ॲक द्या. कमिट आणि ॲक यांच्या मधल्या फटीत प्रोसेस मेली, तर तोच मेसेज पुन्हा येणार. त्यामुळे मेसेजच्या आयडीवर युनिक की (एक आयडी एकदाच घेणारी अट) लावा, दुसरी खेप टेबलच परतवेल. मीटिंगमधला दुसरा नकार असा ब्रोकरऐवजी डेटाबेसच्या पदरात टाकता येतो.

आता माझा सगळ्यात लाडका सापळा: होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव. रॅबिटएमक्यू आपला सगळा संसार नोडच्या (त्याच्या एका चालू प्रतीच्या) नावाच्या फोल्डरमध्ये मांडतो, आणि नोडचं नाव येतं मशीनच्या होस्टनेमवरून. डॉकरमध्ये (जिथे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यांत चालतात) होस्टनेम दिलं नाही तर प्रत्येक नव्या कंटेनरला नवं, अगम्य नाव मिळतं. व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची कायमची साठवण) व्यवस्थित जोडलेला असतो, डेटा शाबूत असतो, फक्त ब्रोकर शेजारी नवा रिकामा फोल्डर उघडून "मी आजच आलो" म्हणून बसतो. तुमचे युजर नाहीत, क्यू नाहीत, आणि लॉगमध्ये एरर म्हणावी अशी एक ओळ नाही, कारण त्याच्या लेखी बिघडलंय काय? व्हॉल्यूममध्ये जाऊन फोल्डर मोजा. एकापेक्षा जास्त 'रॅबिट ॲट अमुक' दिसले की समजा. उपाय एका ओळीचा आहे, होस्टनेम कायमचं ठरवून द्या. तो सापडेपर्यंत बॅकअप, डिस्क आणि नेटवर्कवाले अशा तिघांशी भांडण झालेलं असतं.

क्लस्टर, म्हणजे अनेक नोडची टोळी, केला तर सुटका? कोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक नोडवर ठेवून बहुमताने चालणारी) वापरा. त्यात मेसेज कायम डिस्कवर जातात, तेवढी एक काळजी मिटते. पण नोड तीन लागतात. "दोनात भागवू" म्हणणारा काटकसरी जीव प्रत्येक ऑफिसात असतो. दोनातला एक गेला की बहुमत गेलं, क्यू ठप्प. म्हणजे पैसे दोन मशीनचे आणि भरवसा एका मशीनपेक्षाही कमी. सगळे नोड एकदम पडले की उठताना प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, ३० सेकंदांच्या १० फेऱ्या, मग रुसून बंद. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेत) तर पहिला पॉड, म्हणजे इथे पहिला नोड, तयार झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही आणि दुसरा आल्याशिवाय पहिला तयार होत नाही, अशी "पहले आप" चालू राहते. स्टेटफुलसेटमध्ये (हे पॉड चालवणाऱ्या सेटिंगमध्ये) पॉड मॅनेजमेंट 'पॅरलल', म्हणजे सगळे एकदम, करा, सुटतं. 'फोर्स बूट' (बाकीच्यांची वाट न पाहता जबरदस्तीने उठवणं) हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. हे वाक्य आम्ही लॅमिनेट करून लावायच्या विचारात आहोत.

डिस्कची सीमाही तपासा. मूळ सेटिंग ५० एमबी मोकळी जागा म्हणतं, जी प्रॉडक्शनमध्ये म्हणजे थट्टा आहे. जागा त्याखाली गेली की ब्रोकर पाठवणाऱ्यांना नुसतं थोपवून धरतो, आणि ॲप्लिकेशनवाले "आमचं हँग झालंय" म्हणत तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात.

हे सगळं केलंत तरी चाचणी हवी. 'किल -९' (प्रोसेस तिथल्या तिथे मारणारी आज्ञा) मारून ब्रोकर उठला म्हणजे जिंकलं, असं समजू नका. प्रोसेस मेली तरी डिस्कवर न गेलेलं लिखाण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कॅशमध्ये जिवंत असतं, ते नंतर निवांत उतरतं. खरी परीक्षा प्लग उपटण्याची. त्याची परवानगी कुठलाही मॅनेजर देत नाही. म्हणून एखादं जुनं मशीन यूपीएसशिवाय जोडून ठेवा, त्यावर मेसेज पाठवत राहा आणि कन्फर्म आलेले आयडी दुसऱ्या मशीनवर लिहीत जा. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाईल, ती आल्यावर दोन्ही याद्या जुळवायच्या. कन्फर्म मिळालेला एक जरी आयडी क्यूत सापडला नाही, तर डिस्कच्या राइट कॅशवर ('लिहिलं' म्हणून सांगून मेमरीतच धरून ठेवणाऱ्या जागेवर) संशय घ्या.