‘चाळीस वाक्यं पाठ करा, बँड ८ पक्का’ म्हणे!

गेल्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला. ‘आयईएलटीएस रायटिंगचं गुपित’ (आयईएलटीएस म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आणि तिचे मार्क म्हणजे बँड, नऊपर्यंत), खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘गरजूंपर्यंत पोचवा’. गरजू आमच्या घरातच निघाली. माझी भाची परळला नर्स आहे आणि ब्रिटनला जायची तयारी करतेय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत बँड ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतो. परीक्षेची फी अठरा हजारांच्या घरात. नाहीतर असले फॉरवर्ड मी न वाचताच उडवते.

तर म्हणे, चाळीस ‘हाय लेव्हल’ वाक्यं पाठ करा, विषय कोणताही येवो, तीच डकवा. बुधवारी नाइट ड्युटीहून आल्यावर भाचीने सरावाचा निबंध दाखवला. विषय असा की सरकारने उपचारांपेक्षा रोगप्रतिबंधावर जास्त खर्च करावा का. सुरुवात, ‘इन धिस काँटेम्पररी एरा ऑफ ग्लोबलायझेशन’. पहिला परिच्छेद संपला तरी रोगही नाही, सरकारही नाही. मी वही मिटली आणि विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तर म्हणाली, “मावशी, पावसाळ्यात लेप्टोचे पेशंट येतात ना, साचलेल्या पाण्यातून चालत गेलेले. वेळेत गोळी घेतली असती तर त्यातल्या कितीतरी जणांना बेड लागलाच नसता.” अगं, मग हे लिही की! मार्क याला आहेत.

आणि हे माझं मत नाही. तपासनीस ज्या निकषांवर बँड देतात ते निकष परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेत, कोणालाही वाचता येतात. चार निकष, चौघांचं वजन सारखं: प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणीला ओघ आहे का, शब्दसंपदा आणि व्याकरण. त्यात साफ लिहिलंय, उत्तर पूर्णपणे पाठ केलेलं आहे असा पुरावा असेल तर बँड ० देता येतो. आठ नव्हे, शून्य. चाळीस वाक्यांनी लगेच शून्य मिळेल असं नाही, पण प्रश्नाला उत्तरच नसेल तर पहिल्याच निकषात आपटणार.

याचंच धाकटं भावंड म्हणजे ‘प्रत्येक वाक्य मोअरओव्हर, फर्दरमोअर, नेव्हरदलेसने सुरू करा’. त्याच निकषांत हे जोडशब्द यांत्रिकपणे किंवा अति वापरणं ही बँड ६ ची खूण आहे. बँड ९ वाल्याचे जोडकाम वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणजे फी आपण भरायची आणि फॉरवर्डवाले सहाचा रस्ता दाखवतायत.

‘चारशे शब्द लिहा, जास्त शब्द जास्त मार्क’. खोटं. पहिल्या टास्कला किमान १५० आणि दुसऱ्याला किमान २५० शब्द लागतात, वेळ दोन्ही मिळून साठ मिनिटं. कमी लिहिलंत तर नुकसान होतं, हे खरं. पण वरच्या दीडशे शब्दांना बक्षीस नाही, चुकांना मात्र तेवढी जागा वाढते. त्यापेक्षा दुसऱ्या टास्कचं वजन दुप्पट असतं हे सांगायला हवं होतं. ते नेमकं फॉरवर्डमध्ये नाही. भाची पहिल्या टास्कच्या ग्राफवरच पस्तीस मिनिटं घालवत होती.

‘तपासणाऱ्याच्या मताविरुद्ध लिहू नका’, ‘अमेरिकन स्पेलिंगला मार्क कापतात’. दोन्ही बाता. मत कोणतंही चालतं, त्याला आधार हवा. स्पेलिंग दोन्हीकडचं चालतं.

‘मशीन तपासतं, ते फक्त कीवर्ड मोजतं’. पीटीई ही इंग्रजीची दुसरी परीक्षा मुख्यतः मशीन तपासतं, तेवढं खरं. आयईएलटीएसचा निबंध माणूस वाचतो, आणि तोच ग्लोबलायझेशनवाला परिच्छेद त्याने त्या दिवशी दहा वेळा वाचलेला असतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. ढाचा लागतो. परिच्छेद पाडणं, प्रत्येकात एकच मुद्दा चालवणं याला मार्क आहेतच. पण ढाचा म्हणजे रिकामे डबे, त्यात भाजी आपली आपण करायची.

शेवटी लिहिलंय, ‘रीचेकिंग म्हणजे पैसे पाण्यात’. बँड वाढला तर ती फी परत मिळते. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत नुसतं रायटिंग पुन्हा देण्याचीही सोय आहे. फक्त निकाल जिथे पाठवायचाय ते लोक असा निकाल घेतात का, हे आधी त्यांनाच विचारा. भाऊजींना नव्हे.