अप्रन घालायच्या आधी गळ्यातला दुपट्टा काढा भाऊ

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात घरोघरी वर्कशॉप झालं आहे अन् ही गोष्ट मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की भाऊ पोट्ट्यांच्या मागे हात धुऊन लागला. पहिले वखराची पास झिजली, बंडीचं काही मोडलं, फाटकाचा कब्जा तुटला की तालुक्याला न्या, तिथं वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोर अर्धा दिवस बसा, मग तो म्हणणार उद्या या. आता वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन एका हाताने उचलता येते, चार इंची ग्राइंडर, ड्रिल, कटर सगळं कुरिअरने घरी येऊन पडते, कोठ्यातली गाय थोडी सरकवून बांधली की झालं वर्कशॉप तयार. पेरणीच्या आधी गावात फिरा, दर दुसऱ्या घरून घर्रर्र आवाज येतो.

पण या सगळ्या खरेदीत अप्रन कोणीच मागवत नाही. अन् एखाद्याने घातलाच तर चौकातले लोक त्याला जगू देत नाहीत. "काहून बे, डॉक्टर झाला का?" नाहीतर "लग्नात बुंदी पाडायले चालला का गा?" बिचारा दुसऱ्या दिवशी अप्रन खुंटीला टांगून बनियनवर कामाला लागतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं अप्रन अन् बुटाशिवाय वर्कशॉपमध्ये पाय ठेवू न दिलेली पोरं घरी आल्यावर लुंगी, स्लीपर अन् यात्रेतला काळा गॉगल लावून वेल्डिंग करतात अन् त्याची रील टाकतात, खाली शंभर लोक बदाम देतात.

यावर लोक लगेच सांगतात की हे घ्या, ते घ्या, अख्खी सेफ्टी किट घ्या. माझं म्हणणं जरा उलटं आहे. काय घालायचं ते नंतर बघू, पहिले अंगावरून काय उतरवायचं ते बघा. त्याला एक रुपया लागत नाही अन् आपल्या उन्हाळ्यात तर ते सोपंही आहे.

सगळ्यात पहिले गळ्यातला दुपट्टा. आपल्याकडे मार्च लागला की दुपट्ट्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, घाम पुसायला तोच, डोक्याला बांधायला तोच, चहाचा गरम गंज उतरवायलाही तोच, म्हणून तो गळ्यात आहे हे आपल्या लक्षातच राहत नाही. आता चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला जवळपास दोनशे. दुपट्ट्याचं टोक त्यात गेल्यावर स्विच बंद करू असं ज्याला वाटते त्याने हा हिशोब परत एकदा करावा. ड्रिल मशीनचं तर अजून वाईट, ते हळू फिरते म्हणून माणूस त्याला भीत नाही, अन् ते कपडा फाडत नाही, गुंडाळत नेते.

हे शेतकऱ्याला नव्याने सांगायची गरजच नाही खरं तर. थ्रेशरमध्ये धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, बाही अडकून काय झालं हे ज्याला माहीत नाही असं गाव आपल्याकडे सापडणार नाही. एवढे हात गेले देशभर की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला, अन् त्या कायद्यात धोकादायक यंत्र म्हणून नाव घेऊन पहिले कशाला धरलं तर थ्रेशरला. कारखान्यांचा १९४८ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला, त्या जुन्या कायद्यातही चालू यंत्राच्या फिरत्या भागाजवळ जाणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच जावं असं होतं. पण तो कायदा कारखान्यांसाठी. तुमच्या सांदवाडीत कोणता इन्स्पेक्टर येणार आहे? तिथं बोलणारी एकच, घरची बाई, अन् तिचं कोण ऐकते.

बाईचा विषय निघाला म्हणून सांगतो, घरची चक्की बऱ्याच ठिकाणी बायाच चालवतात. तो पट्टा उघडा असतो, त्याच्यावर जाळी नसते, अन् साडीचा पदर, ओढणी, सुटी वेणी सगळं त्याच्या हाताभर अंतरावर. चक्कीवाल्या ताईने पदर कमरेला खोचून वरून अंगाला बसणारा, मागे बांधायचा अप्रन घातला तर तो पिठासाठी कमी अन् पट्ट्यासाठी जास्त कामाचा आहे. आपण वर्कशॉप म्हटलं की फक्त पोट्टेच बघतो, ही चूक आहे.

मग हातातलं कडं, गंडा, घड्याळ, अंगठी. अंगठी फक्त फिरत्या मशीनमध्ये धोक्याची असं नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाना लावताना पाना एका टोकाला अन् अंगठी दुसरीकडे लागली की बोटातल्या बोटात ती लाल होते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण करंट केवढा निघतो ते कोणी बघत नाही.

अन् उतरवायच्या यादीत हातमोजे पण आहेत बरं का, फक्त ड्रिल मशीन, लेथ अन् बेंच ग्राइंडरवर. हे सांगितलं की लोक भांडायला उठतात की सेफ्टी म्हणता अन् मोजे काढायला लावता. अहो भाऊ, मोज्याचं टोक ड्रिलच्या पात्यात सापडलं तर नुसता मोजा जात नाही, आतलं बोट घेऊन जाते. वेल्डिंगला मात्र चामड्याचे मोजे पाहिजेच. बाजारात ते रबर चढवलेले रंगीत मोजे मिळतात ते वेल्डिंगला घालू नका, ते हातावरच वितळतात.

आता कापड. इथं मला खरंच राग येतो. आपण कापसाच्या मुलखात राहतो. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळी विलायतेच्या बाजारात होतं. अन् त्याच मुलखातला माणूस पऱ्हाटी पिकवून, कापूस विकून, अंगात टेरिकॉटचा शर्ट अन् नायलॉनची ट्रॅकपँट घालून वेल्डिंग करतो! पॉलिस्टर अडीचशे-दोनशे साठ डिग्रीला वितळते, नायलॉनही त्याच्याच आसपास, काही तर त्याच्याही आधी. ठिणगी पडली की सुती कापडाला भोक पडते, कडा काळी होते, झटकली की गेली. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते अन् ते ओढून काढताना कातडी पण सोबत येते. कॉलेजच्या जर्सीवर, निवडणुकीत वाटलेल्या टीशर्टवर वेल्डिंग करून राहिले पोट्टे, तो सगळा पॉलिस्टरचाच माल असतो.

दुकानदार काहीही सांगो, घरी आणून एक धागा ओढा अन् माचिस लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर असेल तर धागा आखडतो, टोकाला काळा कडक मणी होतो, तो फुटत नाही. अप्रन शिवायला जुनी जीनची पँट सगळ्यात बेस्ट, पण आताच्या ताणणाऱ्या जीनमध्ये पॉलिस्टर अन् लवचिक धागा मिसळलेला असतो, तर आतलं लेबल वाचून घ्या. मांजरपाट दुहेरी करून शिवला तरी सुतारकामाला चालतो. वेल्डिंगला मात्र चामड्याचा अप्रनच घ्या, त्याचा खर्च ऐकून तोंड वाकडं करणाऱ्याने महिन्याचा सुपारी-तंबाखूचा खर्रा किती रुपयाचा होतो तेही एकदा मांडून पाहावं.

खर्र्यावरून आठवलं, खिसा! अप्रनचा खिसा हा ठिणग्यांचा आवडता मुक्काम. त्यात खर्र्याची पन्नी, प्लास्टिकचा लायटर अन् मोबाइल ठेवून माणूस खाली वाकून ग्राइंडर चालवतो. वेल्डिंगच्या अप्रनला समोर खिसाच नको, असलाच तर वर झाकण पाहिजे. पँटचे पाय दुमडायचे नाहीत, त्या घडीत गरम कचरा जाऊन बसतो. पँट बुटाच्या वरून खाली आली पाहिजे, बुटात खोचलेली नको. बूट जुना चामड्याचा असला तरी चालते. जाळीचा स्पोर्ट्स शूज अन् स्लीपर यांच्यात वेल्डिंगपुरता काही फरक नाही.

सुती कापड जळत नाही असंही कोणी समजू नका. डिझेल, थिनर, ग्रीस लागलेला, कडा विरलेला अप्रन चांगला पेटतो. अन् जवसाचं तेल! आपल्याकडे लाकडाला जवसाचं तेल लावायची पद्धत जुनी आहे, चमक मस्त येते, खिडकी-दरवाज्याला अजूनही लोक लावतात. पण ते तेल वाळताना हवा ओढून स्वतः गरम होते. तेलाने भिजलेला फडका किंवा अप्रन गोळा करून कोपऱ्यात, तेही भुशाच्या ढिगावर फेकला तर काडी न लावता पेटू शकतो. तो बाहेर मोकळा पसरून वाळवायचा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचा.

भुशाचं पण तसंच. सागवानाचा भुसा अंगावर घेऊन माणूस सरळ स्वयंपाकघरात जातो, लेकराला उचलतो. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे, पुढे वेल्डिंगच्या धुरालाही त्याच यादीत टाकलं. म्हणून अप्रन कोठ्यातच राहिला पाहिजे, बाहेर झटकायचा, नाकाला मास्क लावून. कंप्रेसरची हवा अंगावर मारून कपडे साफ करायची जी फॅशन निघाली आहे ती बंद करा.

आता सगळ्यांचा एकच सवाल. ४५ डिग्रीत हे घालणार कोण? बरोबर सवाल आहे अन् ज्याने मे महिन्यात टिनाच्या खाली काम केलं नाही त्याने याची टिंगल करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना औषधाची विषबाधा होऊन वीसहून जास्त लोक गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर किट वाटल्या गेल्या, गॉगल, मास्क, प्लास्टिकसारखा डगला. किती जणांनी घातल्या ते आपल्या आपल्या गावात बघा. लोक मूर्ख म्हणून घालत नाहीत असं नाही, त्या डगल्यात आपल्या हवेत अर्धा तास उभं राहवत नाही. अंगाला अन् हवेला न सोसणारा कपडा कितीही सेफ असला तरी खुंटीवरच राहतो. म्हणून मी सुती सुती करून राहिलो.

अन् वेळ बदला. पहाटे पाच ते आठ वेल्डिंग करा, दुपारी झोपा, कोणी विचारणार नाही. पण गर्मी होते म्हणून दुपट्टा ओला करून अंगावर घेऊन वेल्डिंग करू नका, कूलर लावून ओल्या जमिनीवर बसू नका. मशीन चालू असताना अन् ठिणगी पडत नसताना वेल्डिंगची कांडी धरायच्या होल्डरवर साठ ते ऐंशी व्होल्ट असू शकतात. कोरड्या हाताला ते कळत नाही, घामाने भिजलेल्या मोज्याला अन् ओल्या बनियनला बरोबर कळते. मोज्याच्या दोन जोड्या ठेवा, एक उन्हात वाळत.

शिवताना टेलरला एवढं सांगा की लांबी गुडघ्याच्या खाली पाहिजे, पट्टे पाठीवर फुली करून खांद्यावर यावे म्हणजे मान दुखत नाही, अन् नाडी मागे बांधायची. समोर गाठ मारून लोंबती नाडी ठेवायची असेल तर मग दुपट्टा काढून काय फायदा झाला? अन् नाडी बारीक ठेवा, वेळ आली तर ती तुटली पाहिजे, माणूस ओढला जायला नको.

बनियनवर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीवर लाल त्रिकोण उमटतो तो उन्हाचा नसतो, वेल्डिंगच्या उजेडाचा असतो, तोच उजेड डोळ्यात गेला की रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होते. त्याला दहा-अकरा नंबरची काळी काच लागते, यात्रेतला गॉगल चालत नाही. ज्याच्या हातात होल्डर आहे तो मास्क तरी धरतो, मशीनसोबत एक आलेला असतो. समोरून पाइप धरून बसलेला लहान भाऊ, नाहीतर शिकायला ठेवलेला पोट्टा मात्र डोळे मिचकावत तोंड फिरवून बसतो, त्याला ना काच, ना मोजे, ना अप्रन. दुकानवाले भाऊ पण असतील माझ्या लिस्टमध्ये, त्यांनाही सांगतो. शिकाऊ पोट्ट्याला पहिल्या दिवशी झाडू हातात देता, त्याच दिवशी अप्रन अन् काच पण द्या, त्याच्या पगारातून न कापता.