पांढऱ्या गळ्यावरून पाणकावळा ठरत नाही

भंडारा-गोंदियाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मामा तलावावरच्या (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावावरच्या) पाणकावळ्याचा एक फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, ‘गळा पांढरा, म्हणजे भारतीय पाणकावळा.’ हे बरोबर नाही. विणीचा हंगाम सरला की ‘छोटा पाणकावळा’ या आपल्या नेहमीच्या जातीचाही गळा पांढुरका होतो.

खरी ओळख चोचीत आहे. छोट्याची चोच आखूड, जाडसर. कपाळ उभं, डोकं गोलसर. भारतीयाची चोच लांब नि सडपातळ, शिवाय डोळा निळा-हिरवा. फोटो जरा मोठा करून पाहा: चोच डोक्याहून आखूड आहे. म्हणजे छोटाच!

आकारावर तर जाऊच नका. छोटा साधारण ५० सेंमी, भारतीय ६३च्या आसपास. बाभळीच्या वाळक्या फांदीवर पंख पसरून एकटाच बसला असेल, तर एवढा फरक लांबून कुणाला कळणार? दोघं शेजारी बसले तर गोष्ट वेगळी.

तिसरी जात, मोठा पाणकावळा, मात्र सहसा चकवत नाही. अंगाने थोराड, चोच दणकट, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी. तरी त्याच्या लहान, अजून वयात न आलेल्या पक्ष्यांचं पोटही बरेचदा पांढरं असतं आणि तेही ‘दुर्मिळ पाहुणा’ म्हणून फॉरवर्ड होतात.